तीन आळ्यांचं एक भूत

ड्रोन उडाला आणि देवळापुढचं सगळं पटांगण ओरडलं. म्हाताऱ्यांनी चहाचे चिमुकले पेले खाली ठेवून हात जोडले. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि तिच्या धुरातून पिवळ्या झग्यातले फांगबुवा हात उंचावून पुढे आले.

"गेलं!" ते गरजले. "नदीत बुडून मेलेल्याचं भूत होतं! मागच्या डाव्या मोटारीवर ठाण मांडून बसलं होतं. तीन दिवस समजूत घातली, तेव्हा कुठे उठलं!"

गेल्या आठवड्यात हाच ड्रोन कंबरेइतका वर जाऊन, धूर ओकत आपटला होता. फांगबुवांनी तो देवळामागच्या खोलीत नेला, दाराला लाल कागद चिकटवला, कोंबड्याच्या तुऱ्याचं रक्त शिंपडलं. आज ड्रोन बाहेर आला तो चार सोनेरी पाती लेवून, आणि भुंग्यासारखा घुमू लागला.

गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या च्वांग बाई कडेला उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे ड्रोन नव्हता, मिरवणुकीची पहिली रांग होती. परवा देव पालखीतून निघणार. त्याच्यापुढे देवाची जड पितळी धूपदाणी या ड्रोनला टांगून हवेतून जाणार, आणि तिच्या बरोबर खाली निशाणं घेतलेल्या मुली चालणार. त्यांत बाईंची मुलगी सूयिन होती.

"रिकामा काय उडवता?" बाई म्हणाल्या. "धूपदाणीएवढं ओझं टांगून उडवा."

"बाई, असले प्रश्न शाळेत फळ्यावर," फांगबुवा हसले. "इथे भूत ऐकतं. त्याला राग येतो."

"आत्ताच गेलं म्हणालात ना? मग ऐकतंय कोण?"

बायकांत खसखस पिकली. फांगबुवांनी डोळे मिटले. अडचणीचा प्रश्न आला की त्यांची समाधी लागायची.

देवस्थानचे प्रमुख ल्याओ आजोबा बाईंजवळ येऊन कुजबुजले, "पोरी, कशाला उकरून काढतेस? झालं ना गावाच्या मनासारखं?"

गावाच्या मनासारखंच झालं होतं. गावात तीन आळ्या, आणि कोणत्या आळीने देवाला काय दिलं ते देवळाच्या दगडी पाटीवर कोरायची रीत. पुढच्या आळीने मोटारी दिल्या, बाजारातल्या सगळ्यांत वेगवान. मागच्या आळीने पाती दिली, सगळ्यांत मोठी आणि पिळदार. तोरा म्हणून एक संच जास्तीचा. मोटारींना वीज पुरवून त्यांचा वेग सांभाळणारे स्पीड कंट्रोलर नदीकडच्या आळीने दिले. ते दिसायला सुबक, ताकदीने बेताचे. एका आळीने दुसरीला विचारलं नाही, कारण विचारलं की मान खाली जाते. ड्रोन पडला तेव्हा चूक शोधली असती, तर कुठल्या तरी आळीची अब्रू गेली असती. भूत मात्र कुठल्याच आळीचं नव्हतं. फांगबुवांना गिऱ्हाईक शोधावं लागलंच नाही. अख्खा गाव दुकानाच्या पायरीवर बसून होता.

बाईंनी खाली उतरलेल्या ड्रोनच्या पात्यावरून बोट फिरवलं. "मागच्या आळीचा तो जास्तीचा संच आणा."

पाती आली. बाईंनी चहाच्या तबकात त्यातलं, म्हणजे ड्रोनवर आधी होतं तसलं जुनं पातं आणि आताचं सोनेरी पातं शेजारी ठेवलं. लांबी तंतोतंत सारखी. पण जुनं पळीसारखं पिळलेलं, आणि सोनेरी जवळजवळ पट्टीसारखं चपटं.

"पाहिलंत?" फांगबुवा डगमगले नाहीत. "मंत्राने पातं शांत झालं. त्याचा पीळ उतरला!"

बाईंनी केसातला आकडा काढून सोनेरी रंग खरवडला. खाली दुसऱ्याच कारखान्याचा छाप होता. "आणि मंत्राने छापसुद्धा बदलला का हो?"

बाईंनी ड्रोन दोरांनी दगडी बाकाला बांधला, जुनी पाती चढवली आणि चालू केला. मिनिटभरात जळका वास सुटला. त्यांनी बंद केला. "आलं भूत." कंट्रोलर निवल्यावर सोनेरी पाती चढवली, पुन्हा चालू केला. वास नाही. "गेलं. ना मंत्र, ना कोंबडा. एक पाना लागला."

"म्हणजे उडतोय तर खरा!" नदीकडच्या आळीतलं कोणी ओरडलं.

"उडतो, रिकामा. मोठं पिळदार पातं हवेचा मोठा घास घेतं. तो ओढायला या वेगवान मोटारी भलतीच वीज खेचतात, कंट्रोलरला ती झेपत नाही, तो तापून जळायला लागतो. बुवांनी चपटी पाती लावली. घास लहान झाला, धूर थांबला. पण घास लहान म्हणजे उचलही लहान. मागे व्हा सगळे."

त्यांनी दोर सैल केले आणि खाली धूपदाणीच्या वजनाची तांदळाची पिशवी टांगली. ड्रोन किंचाळत माणसाच्या डोक्याइतका वर गेला, पूर्ण जोर लावून, भलतीच वीज खेचूनही तिथेच थरथरत राहिला. मग मागच्या बाजूने धूर निघाला, एक मोटार थांबली आणि सगळा डोलारा फरशीवर कोसळला. पिशवी फुटून तांदूळ पायऱ्यांपर्यंत उडाले.

"परवा त्या जागी माझी सूयिन असेल," बाई म्हणाल्या. "आणि पिशवीच्या जागी पितळी धूपदाणी."

"अश्रद्धेचा कोप!" फांगबुवा ओरडले, पण पिवळा झगा तोवर फाटकाकडे सरकला होता. कोपणाऱ्या देवाजवळ थांबायची हिंमत त्याच्या भक्ताला नव्हती.

"मग चूक कोणत्या आळीची?" ल्याओ आजोबांनी हळूच विचारलं.

"वस्तू एकही वाईट नाही, आजोबा. जोडी वाईट आहे. आधी ओझं किती ते ठरवायचं, त्याला पुरेल असं पातं घ्यायचं, ते फिरवेल अशी मोटार, आणि त्या मोटारीला पुरून उरेल असा कंट्रोलर. तिन्ही आळ्यांनी एका चहाच्या टेबलाशी बसायला हवं होतं."

आजोबांनी देव्हाऱ्यापुढचे कौलाचे दोन लाकडी तुकडे उचलले. "देवालाच विचारू. उडवायचा की नाही?"

"विचारा. मी तोवर सूयिनचं निशाण काढून घेते. तुमची नातसुद्धा त्याच रांगेत आहे, तिचंही काढू का?"

आजोबांनी पायाशी पसरलेल्या तांदळाकडे पाहिलं. मग त्यांनी कौल न लावताच तुकडे जागेवर ठेवले. "धूपदाणी दरवर्षीसारखी खांद्यावरून जाईल," ते मोठ्याने म्हणाले. "आणि तिन्ही आळ्यांचे लोक उद्या सकाळी माझ्याकडे चहाला या."

बिघडलेली वस्तू उघडून पाहावी, हिशेब करावा, आणि चूक आपली निघाली तर ती आपली म्हणावी. यात अब्रू जात नाही. भुताच्या माथी चूक मारली की सगळ्यांची अब्रू शाबूत राहते. माथं मात्र फुटतं, आणि ते भुताचं नसतं.