तीन इमारतींचा हॅशटॅग

मॅनेजरबाई त्या ऑफिसात बारा वर्षं होत्या. तीन इमारती, चौऱ्याऐंशी फ्लॅट, सगळे भाड्याने दिलेले. कुठल्या न्हाणीघराचा नळ गळतो आणि कुठल्या भाडेकरूचं शेजाऱ्याशी पटत नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण त्या वर्षी नऊ फ्लॅट रिकामे पडले आणि मुख्य ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला.

"सोशल मीडियावर जोर लावा. रोज एक पोस्ट. हॅशटॅग भरपूर टाका."

बाईंनी कुठूनतरी हॅशटॅगची यादी मिळवली. मोकळ्या फ्लॅटच्या खिडकीचा फोटो काढला आणि त्याखाली यादीतले अठ्ठावीसच्या अठ्ठावीस टॅग चिकटवले. #स्वप्नातलंघर, #ऐषआराम, #जीवनशैली, #प्रवास. प्रवास कशाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं, पण यादीत होता. तीन आठवड्यांत दोन गादीवाल्यांचे आणि एका पडदेवाल्याचे निरोप आले. घर बघायला कोणी फिरकलं नाही.

एके संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी फोन सुनेपुढे धरला. सून एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि तिथल्या पोस्ट तीच करायची. तिने टॅग वरपासून खालपर्यंत वाचले आणि हसू दाबलं.

"आई, ही हाक तुम्ही नक्की कोणाला मारताय?"

"भाडेकरूंना."

"मग घर शोधणारा माणूस 'ऐषआराम' असं शोधेल का? तो आपल्या भागाचं नाव टाकेल. दोन खोल्यांचं घर. हॉस्पिटलजवळ. कुत्रा चालेल का. असे चार-पाच टॅग टाका, पण नेमके. आणि एक टॅग फक्त तुमचा ठेवा, तिथल्या लोकांनी वापरायचा. लोक घरापेक्षा शेजार बघतात."

बाईंना ते पटलं. लोक त्या जागेला 'तीन इमारती'च म्हणायचे, म्हणून टॅगही तोच ठरला. त्यांनी प्रत्येक जिन्यापाशी कागद लावला: 'आपल्या घरातले आनंदाचे क्षण #तीनइमारती असं लिहून टाका.' पहिले काही दिवस त्या एकट्याच टाकत होत्या. मग पहिल्या इमारतीतल्या पियानो शिकवणाऱ्या मास्तरांनी आपल्या मांजराचा फोटो टाकला. ते पियानोच्या झाकणावर पाय पसरून झोपलं होतं. त्यानंतर बाल्कनीतल्या कुंड्या आल्या, कुणाच्या बाळाचं पहिलं पाऊल आलं. महिन्याभरात दोन फ्लॅट गेले. त्यातला एक हॉस्पिटलमधल्या नर्सने घेतला. 'हॉस्पिटलजवळ' शोधता शोधताच ती इथवर आली होती. साहेबांनी फोन करून शाबासकी दिली.

आणि मग दुसऱ्या इमारतीची लिफ्ट बंद पडली.

मेकॅनिक म्हणाला, एक भाग बाहेरून मागवावा लागेल. बाईंनी मागणी पाठवली आणि लिफ्टच्या दारावर 'तसदीबद्दल क्षमस्व' अशी पाटी अडकवली. त्यांच्या मते त्यांचं काम झालं होतं.

नवव्या दिवशी #तीनइमारतीखाली एक फोटो आला. वरून खाली काढलेला जिना, रिकामा. खाली लिहिलं होतं: 'चोपन्न पायऱ्या. आज नववा दिवस.' तो तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींनी टाकला होता. वय एकाहत्तर, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेले, घरात एकट्या. दुपारपर्यंत त्याखाली बाकीचेही बोलायला लागले. कुणी ओल धरलेली भिंत टाकली, कुणी जिन्यातला गेलेला दिवा. मांजराचा फोटो पार खाली गेला.

साहेबांचा फोन चार वाजता आला. आवाज दमलेला होता. त्यांच्यावरही कोणीतरी साहेब होतेच.

"त्या म्हातारीला ते काढायला सांगा. आणि उद्यापासून नवीन टॅग सुरू करा. हा वापरायचाच नाही."

बाई जिना चढल्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांना कठड्याला धरून थांबावं लागलं. नऊ दिवसांत आपण एकदाही इकडे चढलो नाही, हे तिथे धापा टाकताना त्यांच्या ध्यानात आलं.

मावशींनी दार उघडलं, काठी टेकत मागे सरल्या.

"या. तो फोटो काढून टाका म्हणून सांगायला आलात ना?"

"मावशी, मी कागदावर आनंदाचे क्षण लिहिलं होतं."

"वाचलं होतं मी. पण खाली उतरता आलं तर आणेन ना एखादा." त्या रागावलेल्या नव्हत्या. "पाटी लावलीत, ठीक आहे. भाग कधी येणार, ते कोणी सांगितलं नाही. मी रोज सकाळी दाराला कान लावते, लिफ्टचा आवाज येतोय का म्हणून. गुडघ्याचा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तिसरा मजला ऐकून येणं बंद केलं. कालपासून पाव नाही घरात."

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. फोटोचा विषय सोडून त्यांनी काय काय आणायचं ते विचारून घेतलं. थोड्या वेळाने त्या खाली उतरल्या, पाव, दूध आणि औषधं घेऊन पुन्हा चढल्या. मग ऑफिसात येऊन मावशींच्या फोटोखाली लिहायला बसल्या. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी हे राहिलं:

'लिफ्टचा भाग मागवला आहे, गुरुवारी येईल. हे मी आधीच सांगायला हवं होतं. तोवर सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच वाजता मी जिना चढणार आहे. कोणाला काही आणून हवं असेल तर इथेच लिहा.'

आणि खाली #तीनइमारती.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी ताकीदपत्र पाठवलं. बाईंनी सही करून परत दिलं. घरी त्या सुनेला एवढंच म्हणाल्या, "तुझ्या टॅगने माझे पाय पार मोडले."

सुनेने न विचारता गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

त्या रोज चढत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून पियानोमास्तर एक पिशवी उचलायला लागले आणि नर्स ड्यूटीवर जाताना मावशींचा व्यायाम करून घ्यायला लागली. भाग गुरुवारी आलाच नाही, शनिवारी आला. बाईंनी तेही लिहिलं. रविवारी लिफ्ट सुरू झाली. मावशी खाली आल्या, आवारातल्या बाकावर तासभर बसल्या आणि त्यांनी फोटो टाकला तो फक्त आवारातल्या मातीवर टेकलेल्या स्वतःच्या चपलांचा.

पुढच्या आठवड्यात एक बेकरीवाला घर बघायला आला. वडील चाकांच्या खुर्चीत होते. त्याने नळ सोडून पाहिले, दारांची रुंदी मोजली आणि मग विचारलं, "लिफ्ट वारंवार बंद पडते का?"

"वर्षातून एकदा तरी पडते," बाई खरं ते बोलल्या.

"वाचलंय मी सगळं. म्हणून तळमजलाच द्या. आधीच्या जागी आम्ही पाच महिने विचारत होतो. कोणी हो-नाहीसुद्धा म्हणालं नाही."

त्याने तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. सहा अजून रिकामे होते आणि ताकीदपत्र फाइलीतून कोणी काढलं नाही. नव्या टॅगचा विषय मात्र साहेबांनी पुन्हा काढला नाही.

महिनाअखेरीस मावशी काठी टेकत ऑफिसात आल्या.

"मला तुमच्या टॅगखाली लिहायचंय. उसवलेलं, सैल झालेलं, आखूड करायचं असेल तर आणा म्हणून. चालेल का?"

"चालेल की," बाई म्हणाल्या. "पण मजला आणि वेळ नेमकी टाका. आणि मशीनचा फोटो हवा."

"मशीनवर धूळ बसलीय."

"मग चला, आधी पुसून घेऊ," बाई म्हणाल्या आणि ऑफिसला कुलूप लावून त्यांच्याबरोबर निघाल्या.