महाप्रसाद

मारोतराव कापगते साकोलीकडचे आणि भुवन साहू बालोदकडचा. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये दोघे एकाच शिफ्टला. तरुणपणी बायकांना घेऊन ते पुरीला गेले आणि तिथे जगन्नाथाच्या देवळात त्यांनी एकमेकांना महाप्रसादाचा भात भरवला. छत्तीसगढात असा भात खाल्ला की दोस्तीचं नातं होतं. मग नाव घ्यायचं नाही, हाक मारायची ती 'महाप्रसाद' म्हणून. मुलांनी बापाच्या महाप्रसादाला फूलददा, म्हणजे मानलेला बाप, म्हणायचं. मारोतरावांचे वडील गेले तेव्हा भुवनने साकोलीला येऊन त्यांच्या शेजारी बसून डोकं भादरून घेतलं.

पुढे भुवनची बदली दल्ली-राजहराच्या खाणीत झाली. फोन चालू राहिले, येणं-जाणं लग्नकार्यापुरतं. त्याची मुलगी तामेश्वरी तिकडेच वाढली आणि शिकून हथखोजच्या एका कारखान्यात लागली. मारोतरावांचा पियूष तिथेच सुपरवायझर होता. एके दिवशी त्याने आईला, गयाबाईला सांगितलं की लग्न करीन तर तामेश्वरीशीच.

गयाबाईला धास्ती जातीची होती. दोन-चार दिवस घरात बोलणी झाली आणि शेवटी मारोतराव राजी झाले. राजीच काय, खूश होऊन मिठाई घेऊन बालोदला गेले. रिटायर झाल्यावर भुवन गावीच राहत होता.

त्याने सगळं ऐकून घेतलं. जातीचं आपल्याला काही नाही, म्हणाला. मग छत्तीसगढीत म्हणाला, "नोनी तो पहिली ले तोर बेटी आय, महापरसाद." जी आधीपासून तुझी लेक, तिला सून कशी करायची? दोघं भाऊबहीण लागतात.

मारोतरावांना हसू आलं. घाईत ते मराठीतच बोलून गेले, "अरे, तो त बोलाचा शब्द आहे ना."

भुवनला मराठी कळत होती. त्याने चहा दिला, स्कूटरवर बसवून बसस्टँडपर्यंत सोडलं. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

घरी हे ऐकून गयाबाई चिडली. "नुसता शब्दच होता, त मामंजी गेले तवा त्यानं डोकं कावून भादरलं?"

 मारोतराव पुन्हा बालोदला गेले, भुवनची माफी मागितली आणि लग्नाचा विषय यापुढे काढणार नाही असं सांगून आले. पियूषलाही तेच बजावलं. पोरांनी पळून जाण्याची भाषा केली नाही. पण तामेश्वरी प्रत्येक स्थळाला नाही म्हणत राहिली. वर्ष उलटलं, ती घरी बोलेनाशी झाली.

मग एका सकाळी भुवन बायकोला घेऊन बोरसीला मारोतरावांच्या घरी आला. गावातल्या सियान, म्हणजे बुजुर्ग मंडळींना विचारून आलो, म्हणाला. महाप्रसाद तोडता येत नाही असंच सगळे सांगतात. पण पोरीचं तोंड पाहवत नाही. जे पाप लागेल ते मला लागो. एवढं सांगून तो उठून उभा राहिला आणि मराठीत म्हणाला,

"मारोतराव, माझी मुलगी पदरात घ्या."

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा नाव घेतलं होतं.  हो म्हटलं ते गयाबाईने.

लग्न दुर्गला झालं. तामेश्वरी घरात रुळली, गयाबाईकडून मराठी शिकली, ती आणि पियूष एकाच मोटरसायकलने हथखोजला जातात. भुवनही येतो, पण आधी फोन करून येतो आणि बैठकीतच बसतो. व्याही म्हणून 'समधीजी' म्हणतो. मारोतरावही तेच म्हणतात.

एकदा ते गयाबाईला म्हणाले, "सून चांगली भेटली. पण मले आता महाप्रसाद म्हणणारं कोणी राहिलं नाही."

तिने सांगितलं, बोरसीत इतके लोक आहेत, दुसरा कोणी करा.

"ते जन्मात एकाच बारचं राहते," ते म्हणाले. आणि भुवनची गाडी यायची वेळ झाली म्हणून स्टेशनला निघाले.