आडवी हातोडी

वडील गेल्यानंतर भट्टी पहिल्यांदा पेटवायची होती, त्या सकाळी तिनं काकाच्या तोंडावर सांडशी फेकून मारली.

हातभर लांबीची, लोखंडी. ती त्याच्या भुवईवर बसली, भिंतीवर आपटली आणि फरशीवर वाजत राहिली. काका जागचा हलला नाही. साठी उलटलेला, तरी अजून दारातून वाकूनच आत येणारा माणूस. वडील त्याला आयुष्यभर लंब्या म्हणत आले. भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं, तसं त्यानं ते चामड्याच्या एप्रनच्या कोपऱ्यानं पुसलं, सांडशी उचलली, तिची दोन्ही तोंडं जुळतात का ते उजेडात धरून पाहिलं आणि ती खुंटीला लावली.

"वाकली नाही," तो म्हणाला. "चांगली केली होती तुझ्या बापानं."

त्यानं गुन्हा केला होता तो एवढाच, की आत येऊन तो म्हणाला होता, "गोदामाच्या फाटकाची बिजागरी तेवढी उरलीय, पोरी. ती झाली की मी निघतो. बहिणीच्या गावी भट्टी नाही कुणाची. तिथं आता हातोडी मी धरीन म्हणतो."

निघतो! वडिलांचा हात चिरडून, त्यांच्याच छपराखाली पोट भरून, ते डोळ्यांआड होताच हा बाबा हातोडी धरायला निघाला होता. तिच्या डोक्यात जे काही होतं, ते सांडशीच्या वाटेनं बाहेर पडलं.

ऐरणीवर दोन माणसं लागतात. पुढचा डाव्या हातात सांडशीनं तापलेलं लोखंड धरतो आणि उजव्या हातातल्या हातोडीनं, जिथं घाव हवा तिथं टिचकी मारतो. समोरचा त्याच जागी घण घालतो. टिक, धाड. टिक, धाड. बोलायची सोय नसते. थांबायचं असेल तर पुढचा हातोडी ऐरणीवर आडवी ठेवतो. ती आडवी पडेपर्यंत घण थांबत नाही. घणवाल्यानं समोरच्याच्या तोंडाकडे किंवा हातांकडे बघायचं नसतं, त्यानं जागेकडे बघायचं.

वडील पुढे आणि काका घणावर, असं मिसरूड फुटल्यापासून चाललेलं. नात्यानं भाऊ नव्हेत, पण एकाच मिस्त्रीच्या शिव्या खाऊन दोघं शिकले. पुढे वडिलांचं नाव झालं, भट्टी त्यांच्या नावावर झाली. काकाचं नाव लंब्याच राहिलं. ती शाळेत होती तेव्हा एका दिवशी घण वडिलांच्या उजव्या हातावर पडला. हाडं जुळली, पण जुळली ती तशीच: बोटं फाकलेली, तळवा सपाट, टेबलावर ठेवल्यासारखा. त्या हाताची पुन्हा कधी मूठ झाली नाही. गल्लीतली पोरं वडिलांना हसायची, की मिस्त्री लांबूनच हात दाखवून थांबा म्हणतात.

त्यामागची हकिगत वडील येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत. काका पाच पावलांवर कोळसा घालत असला, तर आवाज जरा चढवूनच.

"लोखंड पालटायचं होतं. हातोडी आडवी ठेवली मी. तरी यानं घण घातला. सलत होतं ना याच्या डोळ्यांत माझं नाव! आणि तरीसुद्धा मी याला ठेवलाय, बघा. दुसरा असता तर लाथ घालून हाकलला असता."

गिऱ्हाईक चोरून काकाकडे बघे. काका विस्तव सारखा करी. रस्त्यावर त्याला 'जळका' म्हणत आणि हे नाव ठेवणारे त्याच्याच हातचे कोयंडे दाराला लावून निर्धास्त झोपत.

सतराव्या वर्षी हातोडी तिनं घेतली. वडील मागे स्टुलावर बसत. "लोखंडाकडे कमी बघ, लंब्याकडे जास्त बघ," हे त्यांचं रोजचं सांगणं. ती बघत आली. एवढी वर्षं तिच्या टिचकीवरून घण एक केसभरही सरकला नाही. तिनं ते काकाच्या कसबात धरलंच नाही, कावेबाजपणात धरलं. मध्ये एकदा मोठ्या कारखान्यातून तिला बोलावणं आलं होतं. वडील हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. जेवताना तिच्या ताटाशेजारी त्यांनी तो हात ठेवला, सपाट, आणि तिथून उचललाच नाही. ती गेली नाही.

आता तिनं दाराला आतून कडी घातली.

"बिजागरी करू," ती म्हणाली. "पण घण मी घेणार. तू पुढे उभा राहा."

आजवर ती त्याला तुम्ही म्हणत होती. काकानं तो बदल ऐकला. तिचा चेहरा पाहिला, कडी पाहिली. तिच्या मनात काय आहे ते त्याला समजलं नाही असं म्हणायला जागा नव्हती.

"पाठ सरळ ठेव मग," एवढंच तो बोलला आणि भट्टीचा पंखा सुरू केला.

पट्टी पिवळी झाली. त्यानं ती ऐरणीवर आणली. टिक. तिनं घण घातला. घण तिच्या अंदाजापेक्षा जड होता आणि उतरताना तर तो कुणाचाच नव्हता. टिक, धाड. ठिणग्या तिच्या मनगटांना चावत होत्या. काका शांतपणे जागा दाखवत होता. भुवईतलं रक्त हनुवटीपर्यंत येऊन पट्टीवर टपकलं आणि चुर्र करून उडालं. तिनं जागेवरची नजर काढली. हातोडीच्या दांड्यावरच्या त्याच्या बोटांवर नेली. वडिलांचा उजवा, तुझाही उजवा. तिनं घण डोक्यावर घेतला आणि होता नव्हता तो जोर लावून त्या बोटांवर आणला.

घण ऐरणीच्या कडेवर आदळला. असा उसळला, की दांडा तिच्या जबड्यावर बसला आणि तोंडात रक्ताची चव आली. काकाची बोटं होती तिथंच, वीतभर पलीकडे.

"तिथून पोचत नाही," काका म्हणाला. शिकवणी देताना म्हणावं तसं.

ती किंचाळली. तिनं एक पाऊल पुढे टाकून पुन्हा घण मारला. काका त्याआधीच मागे झाला होता. घणानं पट्टी उडवली, ती लालभडक पट्टी स्टुलाखाली जाऊन पडली आणि वडिलांच्या स्टुलाचा पाय जळायला लागला.

"पाय हलवलास की समोरच्याला दिसतं. घण उचलायच्या आधी दिसतं." काकानं सांडशीनं पट्टी ओढून घेतली, बुटानं स्टूल विझवलं. "मारायचंच असेल तर माझ्या डोक्यात मार. पाठमोरा असताना. ते जमेल. हातावर नाही जमायचं."

ती धापा टाकत होती. इतकी वर्षं ती या ऐरणीच्या पुढच्या बाजूला उभी राहिली होती. तिथून घण अंगावर येतोय असंच वाटे, जरा चुकला तर बोटं गेलीच असं वाटे. घणाच्या बाजूला ती आज पहिल्यांदा उभी राहिली होती. फरशीला काकाच्या पायांनी दोन खळगे पडले होते. त्या खळग्यांत पाय ठेवले, की घण एकाच जागी उतरत होता. तळहाताएवढ्या एकाच जागी.

"मग बाबांच्या हाताला कसा पोचला?"

काकानं सांडशीतली पट्टी बाजूला ठेवली.

"काका, कसा पोचला?"

"उचल घण," तो म्हणाला.

तिनं उचलला. डोक्यावर नेला. काकानं हातोडी खाली पायाशी टाकली आणि आपला उजवा हात ऐरणीच्या मधोमध ठेवला. उघडा, बोटं फाकलेली, तळवा सपाट.

"असा."

तो हात ती ओळखत होती. त्याला तिनं तेल लावलं होतं, शेवटच्या दिवसांत चमच्यानं औषध पाजताना तो बाजूला सारला होता. घण वर होता. क्षणभर तिला वाटलं, आणावा खाली, जे समजतंय ते त्या हाडांबरोबर चिरडून टाकावं. काका हात काढत नव्हता. तिनं अंग पिळून घण बाजूला टाकला. तो पाण्याच्या टाकीवर पडला, टाकी फुटली आणि काळं पाणी दोघांच्या पायांतून दारापर्यंत गेलं.

"खोटं," ती म्हणाली.

"बरं."

"खोटं आहे ना?"

काका तिथंच कोळशाच्या ढिगावर बसला. "आदल्या दिवशी त्याला सांगितलं होतं मी, की जातो. पुलाजवळच्या कारखान्यात पुढच्या माणसाची जागा होती. खोटं कशाला बोलू, हेवा होता मला त्याचा. तो टिचकी मारायचा आणि मी घण घालायचो, पण लोक बघायचे त्याच्याकडे. मलाही वाटायचं, एकदा आपण दाखवावी जागा. त्याची नको होती, मला माझी हवी होती. तो हसला. म्हणाला, जा की. सकाळी हातोडी वाजली, मी घण उचलला. उतरताना हात दिसला. घण वळवला म्हणून मनगट तेवढं वाचलं."

"चुकून ठेवला असेल."

"मीही तेच म्हणत होतो मनाशी. पण पोरी, आधी तो ओरडला नाही. आधी त्यानं माझ्याकडे बघितलं. मी बघितलंय का ते बघितलं. मग ओरडला."

बाहेर कुणीतरी कडी वाजवली, हाक मारली आणि निघून गेलं.

"एकदा गळा धरला होता त्याचा," काका म्हणाला. "इथंच, या भिंतीशी. डोळे पांढरे होईपर्यंत दाबला. तर म्हणतो कसा, दाब लंब्या. दाब, पण जाऊ नको."

"आणि तुम्ही राहिलात."

"तो हात बघून पाय निघायचा नाही. आणि बोलून काय करणार होतो? त्याचा हात गेलाच होता. वर लोकांनी त्याला वेडा म्हणायचं? मला जळका म्हणाले तर मी थोडा होतोच." त्यानं भुवई चाचपली. "दुसऱ्याचं ताट बघून भूक लागते, ते एक दुखणं. आपलं ताट कुणी ओढून नेईल म्हणून माणूस ताटालाच चावतो, ते दुसरं. लोक दोन्हीला एकाच नावानं हाक मारतात. मला पहिलं होतं. त्याला दुसरं. माझ्या दुखण्यानं मी नुसता तडफडलो असतो, गेलो असतो, बरा झालो असतो. त्याच्या दुखण्यानं दोघं गेलो."

तिला ताटाशेजारचा तो हात आठवला. काकाला अडकवलं तसंच त्या हातानं तेव्हा आपल्यालाही अडकवलं होतं, हे तिला कळलं, आणि जबडा दुखत असूनही तिनं दात आवळले. रडण्यापेक्षा वडिलांना त्या स्टुलावरून, घरातल्या फोटोतून, जिथं असतील तिथून ओढून काढून मारावंसं वाटलं. त्यांच्यावर तिचं प्रेम होतं. अजूनही होतं. त्यामुळं आणखीच मारावंसं वाटलं.

"उठा," ती शेवटी म्हणाली. "पट्टी गार झाली."

या वेळी ती पुढे आणि काका घणावर, नेहमीसारखे. टिक, धाड. टिक, धाड. बिजागरीचं पातं लांबत गेलं, खिळा जायचा डोळा वळला. गावात असा घण घालणारं दुसरं कुणी नव्हतं. एकटीनं भट्टी चालायची नाही. ज्याला ती शत्रू समजून डोळ्यांत तेल घालून बघत आली, तो या घरातला एकच माणूस होता ज्यानं तिला कधी दुखवलं नव्हतं, आणि तोच चालला होता. आता चार घाव, मग दोन, मग हा एप्रन सोडणार आणि वाकून दारातून जाणार.

टिक.

घण वर गेला. काकाची नजर जागेवर होती. तिनं पाहिलं, की आपला उजवा हात अजून मागे आलेला नाही. हातोडीच्या दांड्यावरची बोटं सैल झाली आहेत, एकेक करून उघडताहेत. ऐरणीचा मध्य इतका जवळ होता. इतकं सोपं होतं ते. इथून, या बाजूनं, हे किती सोपं आहे, हे तिला वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं.

तिनं मूठ आवळली आणि हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली.

काकानं डोक्यावरचा घण तसाच मागे, खांद्याआड झोकला आणि त्याच्या ओझ्यानं दोन पावलं मागे गेला. त्यानं आडव्या हातोडीकडे पाहिलं. मग तिच्या हाताकडे. मग बराच वेळ तिच्याकडे.

"झालं?" त्यानं विचारलं.

पातं अजून जाड होतं. दोघांनाही ते दिसत होतं.

"झालं," ती म्हणाली. "निघा तुम्ही."

त्यानं घण पुसून कोपऱ्यात उभा केला, एप्रन खुंटीला अडकवला, कडी काढली. तिच्या डोक्यावर हात ठेवायला तो पुढे झाला आणि ती पट्टी तापवण्यात गुंतली आहे असं बघून तसाच वळला. पातं पुन्हा पिवळं झालं तेव्हा दार उघडं होतं आणि तो रस्त्याला लागला होता. घणाच्या दोन घावांत उतरलं असतं ते पातं. ती एकटी हातोडीनं मारत राहिली. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत काकाला तो आवाज ऐकू येत असणार, मधे धाड नसलेला, नुसता टिक, टिक, टिक.