येसूबाईंनी आपली म्हणून सांगितलेली चिठ्ठी

"मला हितंच बरा हाय," असं म्हणून येसूबाई हॉलच्या दाराशी ठेवलेल्या खुर्चीवर टेकल्या.

"तुमच्या नावाचा कागद पुढच्या खुर्चीवर लावलाय," बिल्किस म्हणाली. पंच्याऐंशीच्या बॅचचं स्नेहसंमेलन होतं. पुढच्या रांगेत माजी प्राध्यापकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांतली एक येसूबाईंची होती.

"लावलेलास, पण मला कुठं वाचता येता?"

बिल्किस त्यांच्याजवळ वाकली. साठी ओलांडलेली ही बाई मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली होती. तरी येसूबाईंपुढे तिचा आवाज विद्यार्थिनीसारखाच हळू व्हायचा. "आज सांगू ना? मुसाच्या अम्मी गेल्या वर्षी वारल्या. आता कोणाचं काही अडत नाही. फोनवर महिनाभर नाही नाही म्हणताय तुम्ही."

येसूबाईंनी बाजूला उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे, मनिषाकडे पाहिलं. मनिषा रिक्षातून आईला इथवर घेऊन आली होती, पण वाटेत चार शब्द बोलली नव्हती. या कॉलेजचं नाव निघालं की ती अशीच गप्प व्हायची.

"सांग," येसूबाई म्हणाल्या. "पण रडू नकोस. लोक येगळाच समजतील."

येसूबाई या कॉलेजात बत्तीस वर्षं शिपाई होत्या. समुद्रकाठच्या मिऱ्याच्या वाडीतल्या. नवरा होडीवर गेला तो परत आला नाही, तेव्हा मनिषा दीड वर्षाची होती. कोणीतरी शब्द टाकला आणि येसूबाईंना कॉलेजात नोकरी मिळाली. काम म्हणजे लेडीज रूमच्या दाराशी स्टुलावर बसणं.

त्या काळी मोकळ्या तासाला मुलींनी लेडीज रूममध्येच थांबायचं असा दंडक होता. घंटा झाली की सर वर्गाकडे निघत आणि त्यांच्या मागून मुली ओळीनं जात. पहिले दोन बाक मुलींचे. तास संपला की पुन्हा सरांच्या मागून बाहेर. मुलाला मुलीशी बोलायचं झालं तर आडनावामागे 'मिस' लावून, व्हरांड्यात, चारचौघांच्या देखत आणि वहीपुरतंच. "मिस होडेकर, प्रॅक्टिकलचं जर्नल मिळेल का?" एवढं एक वाक्य जुळवण्यात मुलं आठवडा घालवत. जर्नल परत देताना त्याला वर्तमानपत्राचं नवं कव्हर घातलेलं असे. ज्याचं कव्हर जास्त चापूनचोपून, त्याच्या मनात काहीतरी आहे, असं मुली ओळखत. एखादा फारच घुटमळू लागला तर मैत्रिणी राखीपौर्णिमेची वाट पाहत. मनगटावर राखी चढली की विषय संपला. आणि दोघं सिनेमाच्या रांगेत पुढेमागे उभे दिसले, तर संध्याकाळच्या एसटीनं ती बातमी दूर पाली गावापर्यंत पोचलेली असे.

मुलींना भेटायला येणाऱ्याला आधी येसूबाईंना सांगावं लागे. त्या आत हाक मारत. मग मुलगी उंबऱ्याच्या आत, मुलगा बाहेर आणि मध्ये येसूबाई, असं बोलणं होई. त्यामुळे कोण कोणाकडे काय मागतो आणि त्याला खरं काय हवं असतं, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. त्यांनी कधी कोणाचं नाव कुठे घेतलं नाही.

बिल्किस राजिवडा मोहल्ल्यातली. तिच्या गल्लीतून सायन्सला आलेली ती पहिली मुलगी. वडील कुवेतच्या बोटीवर होते आणि घर चाचांच्या हुकमात. "एक तक्रार आली की कॉलेज बंद," असं चाचांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मुसा फणसोपकर तिच्याच वर्गातला. हा मुलगा लेडीज रूमसमोरच्या फलकावर लावलेली एकच नोटीस अर्धा अर्धा तास वाचत उभा राही. दोन वर्षांत त्यानं अकरा वेळा जर्नल मागितलं होतं. येसूबाईंनी ते मोजलं होतं. बोलताना तो स्वतःच्या चपलांकडे बघायचा. मुलगा वाईट नाही, असं त्यांचं मत झालं होतं.

बिल्किसच्या शेवटच्या वर्षी, परीक्षेचे फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी, उपप्राचार्य अचानक लेडीज रूममध्ये आले. खोलीत त्या वेळी तिघीच मुली होत्या. बाकाखाली पडलेला घडीचा कागद त्यांनी उचलला, उलगडला आणि मोठ्यानं वाचला.

"'तुम्ही काल ग्रंथालयात आला नाहीत. मी बंद होईपर्यंत थांबलो. तुम्ही नुसत्या समोर बसलात तरी माझा अभ्यास होतो. म.'"

"कोणाची आहे ही?" त्यांनी विचारलं. उत्तर आलं नाही. "ठीक आहे. तिघींच्याही घरी निरोप जाईल. पालक येऊन भेटल्याशिवाय फॉर्मवर सही मिळणार नाही."

येसूबाईंनी दारातून पाहिलं. दोघी मुली घाबरल्या होत्या. बिल्किस घाबरलेलीही दिसत नव्हती. तिनं पुस्तकं गोळा करून पिशवीत भरायला घेतली होती, शांतपणे, एकेक. उद्यापासून यायचं नाही हे ठरून गेल्यासारखी. ते पिशवी भरणं येसूबाईंना बघवलं नाही.

"सर, ती माजी हाय," त्या म्हणाल्या.

उपप्राचार्यांना आधी कळलंच नाही. "काय तुझं?"

"ती चिठी. झाडताना माज्या पदरातनं पडली आसंल."

"तुला वाचता येतं?"

"नाय. ज्यानं दिली त्यानं वाचून दाखवलान."

"ग्रंथालयात तू काय करतेस?"

"सांजची बुकं पुसायला मीच असतंय सर."

त्यांनी कागद पुन्हा एकदा मनात वाचला. मग म्हणाले, "आणि तुला 'तुम्ही' म्हणणारा हा कोण?"

हे त्यांनी मुद्दाम टोचायला म्हटलं होतं की सहज, कोण जाणे. येसूबाईंचे कान तापले. त्या तेहेतीस वर्षांच्या होत्या आणि तोवर त्यांना कोणीच तुम्ही म्हटलं नव्हतं. "ता मी सांगायची नाय," त्या म्हणाल्या. "मी काय शिकायला येत नाय हितं. माज्या घरी निरोप धाडायचा आसंल तर धाडा. आये हाय घरी."

फॉर्मवर तिघींच्या सह्या झाल्या. येसूबाईंना मेमो मिळाला. मुलींच्या जवळ ठेवायला ही बाई योग्य नाही, असं ठरून त्यांची बदली प्रयोगशाळेत झाली. पुढची अठरा वर्षं त्यांनी काचेची भांडी धुतली. ॲसिडनं बोटांची टोकं पांढरी पडली.

दुसऱ्याच दिवशी मुसा त्यांना जिन्यावर गाठून म्हणाला, "मी सरांना सगळं खरं सांगून येतो."

"तू आता गुमान अभ्यास कर," येसूबाई म्हणाल्या. "पास झालास की आयशीला पाठव तिच्या घरी मागणी घालायला. चिठ्या पुरे झाल्या. आणि ह्या तुज्या आयशीला कदी कळता नये. पोर आधीच चिठी घेत होती, असा सासूच्या मनात आयुक्षभर राहील."

मुसानं शब्द पाळला. तो पास झाला, बोटीवर लागला आणि तीन वर्षांनी त्याची आई रीतसर राजिवड्याला गेली. चाचांनी चौकशी केली, मुलगा निर्व्यसनी निघाला, निकाह झाला. दोघांचं आधीपासून काही होतं, हे त्या घरात कोणाला कधी कळलं नाही. येसूबाईंनी लग्नात पोटभर बिर्याणी खाल्ली आणि एसटीनं घरी आल्या.

वाडीत मात्र ती चिठ्ठी जिवंत राहिली. कॉलेजातल्या दुसऱ्या शिपायानं ती गोष्ट मिऱ्यात पोचवली. येसूला चिठ्ठी येते. विधवा बाई, वाचता येत नाही, आणि चिठ्ठी येते. आई ठमाबाई मासळीची पाटी उतरवून घरात आली आणि तिनं एवढंच विचारलं, "कोन हाय तो? बरा हाय ना माणूस?" येसूबाईंना तेव्हा रडू फुटलं. आईलासुद्धा त्यांनी खरं सांगितलं नाही. ठमाबाई मरेपर्यंत त्या माणसाची वाट बघत राहिली. कधीतरी येईल, पोरीचं चांगलं होईल, म्हणून.

मनिषा वीस वर्षांची झाली तेव्हा वाडीतल्याच भिकाजीशी तिचं जमत आलं होतं. सुपारी फुटायला आठ दिवस होते. भिकाजीच्या बापानं निरोप पाठवला: आयशीच्या वळणावर गेली तर? लग्न मोडलं, आणि तिथून मनिषा बदलली. पुढे तिचं लग्न झालं, संसार चांगला झाला, मुलगी सानवी झाली. पण आईला ती माफ करू शकली नाही. चिठ्ठीचा विषय दोघींनी पस्तीस वर्षांत एकदाही काढला नाही.

हॉल भरला होता. भाषणं झाली, गेलेल्या मित्रांची नावं घेऊन झाली. जुन्या काळचे किस्से निघाले. कोणी किती दिवसांत 'मिस' म्हणायचं धाडस केलं, कोणाच्या हातावर राखी बसली. सगळे हसत होते. मग बिल्किस माइकपाशी गेली.

"मी एक चिठ्ठी घेतली होती," ती म्हणाली. "त्या वेळी ते पकडलं गेलं असतं तर मी आज इथे नसते. शाळेत नसते. कुठेच नसते. ती चिठ्ठी दुसऱ्या एका बाईनं स्वतःच्या अंगावर घेतली. ती कोणाची होती हे आजवर चौघांनाच माहीत आहे. लिहिणारा, घेणारी, अल्ला, आणि येसूबाई."

तिनं सगळं सांगितलं. पिशवी भरणं सांगितलं, मेमो सांगितला, प्रयोगशाळा सांगितली. रडली नाही. चौथ्या रांगेतून पांढऱ्या दाढीचा एक माणूस उठून उभा राहिला आणि म्हणाला, "म म्हणजे मी. मुसा." तो तसाच उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा उभा राहिला, आणि बघता बघता सगळा हॉल दाराकडे तोंड करून उभा होता.

कोणीतरी माइक येसूबाईंपर्यंत आणला. त्यांनी तो आधी उलटाच धरला.

"मुसा," त्या म्हणाल्या, "आयशीला मागणी घालायला पाठवलंस ना रे?"

"पाठवलं," मुसा म्हणाला.

"मग झाला तर." त्यांनी पदर सावरला. "मी खोटा बोलले याचा मला कदी वाईट वाटला नाय. दुसऱ्या दिशी पोरीन् फारम भरलान. मी दारातनं बघितला. हिरव्या शाईच्या पेनान् भरलान. तेवढा बघून मी भांडी धुवायला गेले. बसा आता सगळी. मास्तर लोक उभे हायत, मला कसातरी होता."

कोणी बसलं नाही. बिल्किस खाली उतरली आणि हात धरून त्यांना पुढच्या रांगेत घेऊन गेली. येसूबाई तिथे बसल्या. मग सगळे बसले.

मनिषा मात्र दाराशीच राहिली. कार्यक्रम संपला, फोटो झाले, चहा झाला, तेव्हा ती आईजवळ आली. तिचे डोळे लाल होते.

"आये, मला तरी सांगायचास."

"तुला सांगितला असता तर तू भांडणात बोलून गेली असतीस. तुजी जीभ म्हायतेय मला."

"माजा लगीन मोडला, तेव्हा पन नाय सांगितलंस."

"तेव्हा सांगणार होते," येसूबाई म्हणाल्या. "रातभर जागी होते. पन बिल्किसचा तेव्हा सातवा महिना चालू होता." त्यांनी मुलीच्या हातावर हात ठेवला. "तुज्यावर अन्याव झाला, ता खरा. त्याला माज्याकडं उत्तर नाय."

मनिषानं तो हात सोडवून घेतला नाही. ती इतकी वर्षं आईच्या बोटांकडे पाहत आली होती. आज तिनं ती एकेक करून चोळली, थंडीत चोळतात तशी.

रिक्षा नेहमी मागच्या वाटेनं घराशी जायची. आज मनिषानं ती वाडीच्या तोंडाशीच थांबवली. "चालत जावया," ती म्हणाली. संध्याकाळ झाली होती. पारावर बायका बसल्या होत्या, पुरुष जाळी विणत होते. मनिषा आईचा हात धरून मधोमध चालत निघाली, आणि भिकाजीच्या अंगणासमोर थांबली. भिकाजी आता छप्पन्नाचा. जाळ्यातून मान वर करून त्यानं पाहिलं.

"भिकाजीदादा, तुमच्या वडलांनी माज्या आयशीच्या वळणाची काळजी केली होती," मनिषा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. पारावरच्या बायका मात्र बोलायच्या थांबल्या. "ता वळण कसा होता, ता आज सगळ्या कॉलेजान् उभा राहून ऐकला. तुमी पन ऐका."

तिनं सांगितलं. उभ्यानं, तिथेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

भिकाजी उठला. मांडीवरचं जाळं खाली ठेवलं, हात लुंगीला पुसले. मग तो आत वळून बायकोला म्हणाला, "च्या ठेव. येसूकाकी आलेत."

त्यानं घरातून लाकडी खुर्ची आणली, फडक्यानं पुसली आणि अंगणात मांडली. येसूबाई बसल्या. पारावरच्या बायका एकेक करून कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. चहा आला. येसूबाईंनी कपातला थोडा बशीत ओतला, फुंकर घातली, चव घेतली.

"साखर कमी हाय गो," त्या आत बघून म्हणाल्या.

भिकाजीची बायको लगबगीनं साखरेचा डबा घेऊन आली. येसूबाईंनी कप पुढे केला, आणि साखर विरघळेपर्यंत सगळी वाडी उभी राहिली.