आधी तीर्थ, मग साखर

“वाळू झाली! अय्यो, खरंच वाळू झाली!”

गिंडी भागातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी हाच आरडाओरडा चालायचा. रांग थेट रस्त्यापर्यंत. कारखान्यातले फोरमन, बँकेतले कारकून, शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतली गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं, सगळे चपला काढून उभे. सन दोन हजार चार, खिशाखिशात मोबाईल, आणि समोर स्टेजवर शर्करास्वामी.

स्वामी आधी पळीभर तीर्थ द्यायचे. तुळस आणि कापराच्या वासाचं, जरा कडसर. ते तोंडात घोळवत नाम घ्यायचं, मग गिळायचं. मग स्वामी जिभेवर चिमूटभर साखर ठेवायचे. माणूस डोळे विस्फारायचा. साखर गोड लागतच नसे! दाताखाली नुसती कचकच.

“साखरेत दोष असतो गोडीचा,” स्वामी माइकवर सांगत. “तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असतो ना? तसा. मी तो डिलीट केला. आता उरली पांढरी वाळू. वाळूनं कुणाला मधुमेह झालाय का? खा मूठ मूठ!”

टाळ्या. ओळखपत्रवाल्यांच्या जास्त.

मी डॉक्टर आहे. माझा दवाखाना तिथून दोन गल्ल्या पलीकडे. ‘गोड कमी करा’ हे इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोललोय, की झोपेतही बोलतो असं बायको सांगते. पालथ्या घड्यावर पाणी. साखरेचं खाणार त्याला देव देणार म्हणतात. काय देणार ते रोज दवाखान्यात बसून बघतो.

तरी त्या रविवारी मी रांगेत होतो, कारण पहिल्या ओळीत खुर्चीवर माझे मामा बसले होते. गुरुमूर्तीमामा, निवृत्त हेडक्लार्क, जुना मधुमेह. स्वामींचा नाद लागल्यापासून गोळ्या बंद. सकाळी स्वामींकडून आणलेलं तीर्थ घ्यायचं, मग ‘वाळू’ घातलेली कॉफी, दुपारी पुन्हा तीर्थ, मग वाटी वाटी खीर, पायसम. रक्त तपासलं तेव्हा आकडा बघून मी पुन्हा सुई टोचली. आकडा तोच. मामा शांतपणे म्हणाले, “तुझं यंत्र जुन्या साखरेचं आहे रे.”

चपलेनं पायाला झालेली छोटी जखम चिघळत गेली. त्या सकाळी पट्टी सोडली, तर अंगठा काळा.

“मामा, आत्ताच्या आत्ता इस्पितळात चला. उशीर केला तर अख्खा पाय जाईल.”

“आधी स्वामींना विचारू. ते म्हणाले तर येतो.”

मी हात टेकले. तंजावरहून इकडे आलेल्या आमच्या मराठी घरात वडील माणसाला खांद्यावर टाकून नेण्याची पद्धत नाही. सईबाईमामी माझा दंड धरून राहिल्या.

आमची पाळी आली. मामांनी बसल्या जागी तीर्थ घेतलं, साखर घेतली, डोळे मिटले. “वाळू,” ते समाधानानं म्हणाले. स्वामींनी त्यांच्या पायाकडे पाहिलंसुद्धा नाही. “विष बाहेर पडतंय. चांगली खूण आहे. पुढच्या रविवारी या.”

माझं डोकंच फिरलं. “मला आधी साखर द्या,” मी म्हणालो. “तीर्थ नंतर घेतो.”

हॉलमध्ये गलका उडाला. “तीर्थाआधी प्रसाद? कुठल्या घरचा हा?” “डॉक्टर झाला म्हणून रीत सोडायची काय?” एक आजोबा तर काठीच उगारून आले. स्वामी हसले. “क्रम मोडला की शक्ती जाते, बाळा.”

आणि मला तिथल्या तिथे सगळा कारभार कळला. शंका आधीपासून होती. ते हसणं बघून खात्री झाली. पण सांगू कुणाला? आमच्यात लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे: आधी तीर्थ, मग प्रसाद. उलट कुणी करतच नाही. या माणसानं जादू शोधलीच नव्हती, आमची सवय तेवढी बरोबर हेरली होती.

मला फार दमायला झालं. तेवढ्यात साखरेच्या पातेल्याकडे नजर गेली.

“मामी,” मी हळूच म्हणालो, “वाळूला मुंग्या लागतात का हो?”

मामी रोज पहाटे दारात तांदळाच्या पिठाचं कोलम काढतात, मुंग्यांनी खावं म्हणून. मुंग्या काय खातात आणि काय नाही, हे त्यांना मी सांगायला नको. पातेल्याच्या काठावरून खाली स्टेजपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. मामी बघत राहिल्या. मग त्यांनी मामांच्या पायाकडे बघितलं.

आणि ज्या बाईनं जन्मात कधी तीर्थाआधी प्रसादाला बोट लावलं नव्हतं, तिनं पुढं होऊन पातेल्यातली साखर मुठीत घेतली आणि तोंडात टाकली.

“गोड आहे,” त्या म्हणाल्या. मग ओरडल्या, “अय्यो रामा, साखर आहे ही! नुसती साखर!”

“कुठे?” मामा म्हणाले. “मला वाळूच लागते.”

“तुमची जीभ मेलीय!” मामी रांगेच्या शेपटाकडे गेल्या, जिथं तीर्थ अजून पोचलं नव्हतं, आणि दिसेल त्याच्या हातावर साखर ठेवू लागल्या. “खा! आधी खा!” एका फोरमननं खाल्ली. “गोड!” शेजारच्या पोरीनं खाल्ली. “गोडच आहे की!” काठीवाल्या आजोबांनीही चोरून चाटली आणि काठी खाली घेतली.

मी तीर्थाच्या हंड्यात पळी घालून तळाचा पाला वर काढला. तुळशीखाली वेगळीच पानं होती. “हा गुडमार,” मी सांगितलं. “हा पाला तोंडात घोळवला की काही वेळ जिभेला गोडी कळत नाही. बाकी काही नाही. साखर तीच असते, पोटात जाते, रक्तात जाते. जीभ म्हणजे दारावरचा वॉचमन. त्याला झोपवलं म्हणून चोर साधू होत नाही. ती साखर डोळे खाते, मूत्रपिंड खाते, पायाच्या नसा खाते. हा बघा पाय.”

स्वामींना अचानक मौनव्रत आठवलं आणि ते मागच्या दारानं गेले.

मामा उठले. “चल,” एवढंच म्हणाले.

अंगठा गेला. पाय वाचला, थोडक्यात. भूल उतरल्यावर मामा म्हणाले, “रघू, माझ्याच जिभेनं मला फसवलं रे.” मला रागवायचं होतं, पण रडूच आलं.

स्वामी आता दुसऱ्या हॉलमध्ये बसतात. रांग तेवढीच आहे. मधुमेह नसलेलेही असतात त्यात, मूठ मूठ साखर खायला मोकळीक मिळते म्हणून. त्यांनाही मी सांगून दमलो. मामी मात्र दर रविवारी जातात, दाराशी साखरेचा डबा घेऊन उभ्या राहतात. बहुतेक जण त्यांना चुकवून आत जातात. एखादा थांबतो.

तुम्ही थांबा, एवढंच माझं म्हणणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर नमस्कार जरूर करा, पण आधी त्याचा क्रम उलटा करून बघा. आणि कॉफीत साखर कमी घाला. ती गोड लागली नाही तरी साखरच असते.