तेराचा पाढा

घाटकोपरची त्यांची खोली पिठाच्या गिरणीवर होती आणि आठ वर्षांच्या शकूला दमा होता. "जागा बदला," एवढं डॉक्टर सांगून मोकळे झाले. कुठली घ्यायची, ते काही बोलले नाहीत. ते तिच्या आईने, कुंदाने, आपल्या डोक्याने शोधलं. नवी जागा बघायला गेली की ती शकूला तिथे तासभर खेळू द्यायची आणि मग तेराचा पाढा एका दमात म्हणायला लावायची. मुलुंडला घरामागेच खडी फोडायचं काम चालायचं, तिथे पोर 'तेरा चोक'लाच अडकली. बोरिवलीला जंगलाच्या कडेला मात्र 'तेरा दाहे तीसासे' म्हणून वर हसलीसुद्धा. दलाल वैतागले, शेजारणी हसल्या. नंदकुमारला मात्र बायकोचं भारी कौतुक वाटायचं. चार इयत्ता शिकलेली बाई, पण डॉक्टरच्या वर डोकं!

पण बोरिवलीला एकच खोली, नळ खाली अंगणात. आणि नऊ वर्षं वाट बघून नंदकुमारला नेमकं आत्ताच विक्रोळीत कंपनीचं क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, घरात नळ, कारखाना पाच मिनिटांवर. समोर धुराडं आहे, हे त्याने घरी सांगितलंच नव्हतं.

क्वार्टर बघायला आल्या आल्या कुंदाने ते पाहिलं. "इथेही पाढा होऊ दे," ती म्हणाली. "पुरा झाला तर इथेच राहू."

तासाभराने शकूने सुरुवात केली. कुंदा खिडकीकडे तोंड करून उभी होती. 'तेरा साते एक्याण्णव'ला शकूने वेणी मागे टाकायच्या निमित्ताने मान वळवली, खांदे हळूच वर गेले, आणि मग थेट 'तीसासे'पर्यंत दणदणीत.

"झालं, बाबा! घ्या तुमचं क्वार्टर."

"झाला ना हो एका दमात?" कुंदाने पाठमोरीच विचारलं.

नंदकुमारने शकूकडे पाहिलं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एवढीशी पोर, बापाच्या सुखासाठी चोरून श्वास घेते!

"नाही," तो म्हणाला. "सातला थांबली. लबाड कुठली." त्याने शकूला पोटाशी धरलं. तिच्या पाठीतली सूं सूं त्याच्या हाताला लागत होती.

कुंदा वळली. तिचे डोळे भरले होते.

"तावदानात मला दिसलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही खरं बोलताय का, तेवढंच बघत होते."