फ्रिजची राखण

जीपचा पाटा शनिशिंगणापुरात तुटला, तेव्हा पंकजच्या थर्मासातल्या बर्फाचं पाणी व्हायला लागलं होतं. त्यात बोटाच्या पेराएवढी कुपी होती आणि कुपीत पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं मेहेरबानी म्हणून दिलेलं प्रतिपिंड. शहाण्णव साली ते परदेशातून मागवायचं म्हणजे वर्ष जायचं. तापलं की पंकजचं संशोधन बसलं.

रस्त्याकडेला तेला-हारांचं दुकान होतं आणि दुकानात कोल्ड्रिंकचा फ्रिज.

"मावशी, एवढं ठेवता का? बर्फाच्या कप्प्यात नको, खाली."

मालनबाईंनी कुपी उजेडात धरली. "कशावरचं औषध म्हनायचं?"

"औषध नाही. पेशीत एक प्रथिन असतं, ते पेशीला मरू देत नाही. हे त्याला जाऊन चिकटतं, म्हणजे ते कुठं लपलंय ते आम्हाला कळतं."

"म्हंजी चहाडखोर हाय."

पंकजनं मान डोलावली. इथंच गप्प बसला असता तर भागलं असतं. पण फ्रिजला कुलूप दिसेना, आणि तो बोलून गेला, "कुणी नेणार तर नाही ना?"

दुकान गार पडलं. शनीच्या भरवशावर गावातल्या घरांना दारं नव्हती. फ्रिजला दार होतं, हीच मोठी तडजोड होती.

"आत्याबाई," मालनबाईंनी सासूला हाक मारली, "हितं बसा. पाव्हन्याची वस्तू कशी जाती ते बगू."

दगडाबाई फ्रिजसमोर बसल्या आणि घडोघडी दार उघडून बघू लागल्या. "हाय." पुन्हा, "हाय." शेजारचा हारवाला गहिनीनाथ आला, त्यानंही उघडलं. "हाय की!" मग नारळवाले आले, रसवंतीवाले आले. गावाच्या इज्जतीचा प्रश्न, ज्यानं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी खात्री केली. दारातून निसटणारा गारवा पंकजच्या पोटऱ्यांना लागत होता. ती त्याची पीएचडी होती.

"आजी, माझा विश्वास बसला. आता उघडू नका."

"तुजा बसला रं," दगडाबाई म्हणाल्या, "माजा न्हाई. लोकं लई येत्यात."

शेवटी पंकज फ्रिजच्या दाराला पाठ लावून खालीच बसला. कुणी सोडा मागितला की मालनबाई सांगत, "गरमच घ्या. पाव्हना बसलाय."

ऊन उतरलं, पाटा बसला. मालनबाईंनी शेजारून बर्फ आणून थर्मास गच्च भरून दिला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत पंकजनं फिल्म रसायनात बुडवली. प्रतिपिंड प्रथिनाला चिकटलं असेल, तरच तिच्यावर रेघ उमटणार होती. बराच वेळ काहीच नाही. त्याच्या मार्गदर्शक सरांनी उसासा टाकला. मग हव्या त्याच जागी एक रेघ वर आली. फिकट, पण रेघच.

"एवढी पुसट का रे?"

"दमलंय, सर. काल दिवसभर दर्शन देत होतं."